मावशी फक्त नावं बघते

३ जानेवारी

टाइपरायटर,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर तुझं "हॅलो" पूर्ण होईपर्यंत माझा चहा गार होतो. म्हणून पत्र. नाव वाचून गाल फुगवू नकोस. अख्ख्या खानदानात एवढं लाडाचं नाव दुसऱ्या कोणाला मिळालेलं नाही.

आता ऐक. घशातली ती गाठ शेवटी तीच निघाली जी नको होती. स्वरयंत्र काढणार, अख्खं. मी डॉक्टरांना विचारलं, मग बोलायचं कशाने? ते म्हणाले, "पाटी-पेन्सिल बाळगा." मी लगेच त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखंच नाकातून, ते वाक्य त्यांना परत केलं. नर्सला हसू आवरेना, बाहेर जावं लागलं तिला. वीस वर्षं डबिंगच्या काचेमागे उभा राहून दुसऱ्यांच्या तोंडातून बोललो मी. पाटीवर भागेल माझं?

तर उपाय आहे. एक लॅब आहे. ऑपरेशनच्या आधी आपला आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवायचा, ते त्यावरून एक यंत्र बनवतात. आपण टाइप करायचं, यंत्र आपल्या आवाजात बोलतं. त्यांच्याकडे रांग आहे, माझा नंबर लागायला अर्धं वर्ष तरी जाईल. तोपर्यंत रेकॉर्डिंग सांभाळायचं आपण.

महिनाभर स्टुडिओत बसून नुसता बोलतोय. चिडून, हसून, कुजबुजून. छोटीला झोपवताना जो आवाज काढतो तोसुद्धा. चार वर्षांची पोर, तिला काय सांगू, बाबाचा आवाज कापून टाकला? काही सांगायचं नाही असं ठरवलंय. बाबा थोडे दिवस गप्प राहील आणि मग एक दिवस गळ्यात यंत्र अडकवून गोष्ट सांगायला बसेल. बस्स.

फाइली मात्र राक्षसासारख्या झाल्यात. तू त्या कंपनीत आहेस ना, लोकांचा डेटा ठेवून घेणाऱ्या? भावाला एक कोपरा दे. फुकट. तुझं उत्तर मीच देऊन टाकतो, वेळ वाचेल: "न-न-नियमात ब-ब-बसत नाही दादा, पण ठ-ठ-ठेव."

ठेवतो तर.

दादा


११ जानेवारी

दादा,

पत्र ऑफिसात उघडलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, काय झालं. सांगायला सुरुवात केली, तोवर त्याला दुसरं काहीतरी आठवलं.

जागा देते. आधी इथे काय चालतं ते सांगते, कारण तुला ते लागेल.

माझं काम सफाईच्या टेस्टिंगचं आहे. तू एक फाइल ठेवलीस की आमच्याकडे तिचे तुकडे होतात आणि वेगवेगळ्या मशीनवर जाऊन पडतात, प्रत्येक तुकड्याच्या तीन-तीन प्रती. लोक फाइली टाकतात, विसरतात, सोडून जातात. मग कोणाच्याच नावावर नसलेले तुकडे नुसती जागा अडवून बसतात. ते शोधून पुसणारा प्रोग्राम आम्ही बनवलाय. ऑफिसात त्याला सगळे मावशी म्हणतात. मावशी तुकडा उचलते, त्याच्यावर कोणाचं नाव आहे का बघते. एक जरी नाव असलं तरी परत ठेवून देते. एकही नसलं तर बाजूला काढते, काही दिवस थांबते, कोणी विचारायला आलं नाही की पुसते. आत काय आहे ते ती बघत नाही. कोणाच्या लग्नाचे फोटो असोत की दुकानाच्या पावत्या. मावशी फक्त नावं बघते.

आणि मी मावशीची परीक्षा घेते. पुसायचं ते राहून जातं का, ठेवायचं ते पुसलं जातं का. ती अर्ध्या कामात असताना एखादं मशीन बंद पाडते. घड्याळ मागे करते. एकाच तुकड्यावर दोघांची नावं लावून एकाचं हळूच काढून घेते. दिवसभर एका बाईला फसवायचा प्रयत्न करायचा, अशी नोकरी.

तुझ्या फाइली या टेस्टच्या मशीनवरच ठेवते, मोकळी जागा तिथेच आहे. खातं तुझ्या नावाचं. आता नीट वाच: इथे जो मालक खात्यात डोकावतच नाही, त्याने खातं सोडलं असं धरतात आणि त्याचं नाव निघतं. महिन्यातून एकदा येऊन जा. काही करायचं नाही, नुसतं लॉगिन. पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर आहे.

पत्रात मी अडखळत नाही. तुझ्या ते लक्षात यायचं नाही. माझं वाक्य पहिल्या दोन अक्षरांवर ओळखून उरलेलं स्वतःच पूर्ण करायची तुला सवय, आणि मला वाटतं वाचतानाही तू तेच करतोस. टेस्टरची खोड, करून बघते. इथपर्यंत आला असशील तर उत्तरात कुठेही 'लिंबू' हा शब्द लिही.

धाकटी


२२ जानेवारी

टाइपरायटर,

शाबास. तुझ्या वहिनीने दोन दिवस बसून सगळं चढवलं. तुझं पत्र वाचलं, म्हणजे तुकडे, तीन-तीन प्रती, कोण ती मावशी, इथवर. पुढचं ओळखलं: काळजी घे, थंड पिऊ नकोस, सगळं नीट होईल. लहानपणापासून तुझी गाडी त्याच स्टेशनावर थांबते.

स्टुडिओ आवरला. माइक, मशीन, काच, सगळं एकाने उचलून नेलं. देताना मशीन कोरं करून दिलं, नाहीतर उद्या माझ्या आवाजात कोणीतरी साबण विकायचा. सिनेमांत आहेत ते दुसऱ्यांसाठी काढलेले आवाज. म्हणजे आता माझा स्वतःचा आवाज या जगात दोनच ठिकाणी आहे, माझ्या घशात आणि तुझ्याकडे. सोमवारी पहिल्या ठिकाणचा निकाल लागतोय.

काल छोटीला विचारलं, बाबा थोडे दिवस बोलला नाही तर चालेल? ती म्हणाली, "मी बोलीन ना दोघांचं." नकला करायला लागलीये कार्टी. आईची करते, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीची करते. रक्तातच आहे.

हात काही कापणार नाहीत, त्यामुळे लिहीत राहीन. तुला फायदाच. आता आपण दोघं सारखे. चुकलो, तू निदान अर्धं तरी बोलतेस.

दादा


४ फेब्रुवारी

दादा,

ऑपरेशन नीट झाल्याचं वहिनीने कळवलं. हायसं वाटलं. नळ्या निघाल्या की जेवण सुरू होईल म्हणाली. उशी उंच ठेवत जा. फाइली सगळ्या पोचल्यात, एकही तुकडा कमी नाही.

इथे तू थांबशील. म्हणून इथून पुढे मनातलं लिहिते.

तुकडे पोचले की नाही ते आकड्यांवरून कळतं, ऐकावं लागत नाही. मी ऐकलं. बसमध्ये, कानात घालून. छोटीची झोपायची गोष्ट ऐकली, अस्वलाची. सुंदर सांगतोस. माझा थांबा निघून गेला, कळलं नाही.

मग 'पार्टी' नावाची फाइल लागली. तासभराची. मित्र जमलेत, ग्लास वाजतायत, आणि तू माझी नक्कल करतोयस. ती मला नवीन नाही. कोणाचं लग्न असो, वाढदिवस असो, चार माणसं जमली की फर्माईश व्हायची आणि मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायचे. पण मध्येच एकजण म्हणतो, तो फोनवाला आयटम कर. आणि तू तो करतोस. "ब-ब-ब-बा-बा..." मग तुझा स्वतःचा आवाज, घाईतला: "बाबांना सांग संध्याकाळी बोलतो." खट्. हशा.

त्याचा आयटम झालाय हे मला माहीत नव्हतं.

बाबा जिन्याच्या तळाशी पडले होते, दादा. मी सोळा वर्षांची. रिसीव्हर हातात धरून उभी होते तिथून त्यांचा एक पाय दिसत होता, चप्पल निघालेली. तू ठेवलास. पुन्हा लावला, तू उचलला नाहीस. मग ॲम्ब्युलन्सला लावला. तिथली बाई मी पत्ता सांगत असताना म्हणाली, "मस्करी करू नका," आणि तिनेही ठेवला. तू आयटम फोन ठेवल्याच्या आवाजावर संपवतोस. बरोबर आहे. पुढे हसण्यासारखं काही नाही.

ती एक फाइल मी माझ्या नावावरही घेतलीये. प्रत केली नाही, आमच्याकडे तशी गरज नसते. तेच तुकडे, फक्त आता त्यांच्यावर दोन नावं आहेत. मला ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते. का ते विचारू नकोस. तू विचारणारही नाहीस.

बाकी सगळं फक्त तुझ्या नावावर आहे. महिन्यातून एकदा येऊन जा.

लिंबू अजून आलं नाही.

धाकटी


१ मार्च

टाइपरायटर,

पत्र मिळालं. उशी उंच ठेवली. झालं समाधान?

गळ्याला भोक आहे. खोकलो की त्यातून शिट्टी वाजते. छोटीला वाटतं मी खेळतोय, तीही शिट्टी वाजवते. लोक माझ्याशी ओरडून बोलतात, घसा गेला म्हणजे कानही गेले असं समजून. तुझ्या वहिनीचा भाऊ तर हातवारे करून बोलत होता. मी पाटीवर लिहिलं, 'तुम्हाला काय झालंय?'

काल छोटीने आईला विचारलं, बाबा माझ्यावर रुसलाय का. मी धावत जाऊन पाटीवर 'नाही' लिहिलं आणि तिच्यापुढे धरली. तिला वाचता कुठे येतं. तशीच धरून उभा राहिलो.

यंत्र येऊ दे, मग एकेकाला बघतो.

एक काम कर. तुमच्या कंपनीची जाहिरातपत्रं येतायत मला. 'प्रिय ग्राहक, बरेच दिवस तुम्ही दिसला नाहीत...' पहिली ओळ दिसते तेवढ्यावर फेकून देतो. अरे, घरातली माणसं माझ्याकडे बघायचं टाळतात आणि यांना मी दिसायला हवा! तुझ्या हातात असेल तर बंद कर. मेली कटकट.

दादा


७ मार्च

दादा,

सांगितल्याप्रमाणे पत्रं बंद केली.

धाकटी

(कागदाच्या मागच्या बाजूला)

ती जाहिरात नव्हती. नाव काढायच्या आधी मालकाला कळवायचं, असा मावशीचा नियम आहे. मीच तपासलाय तो, चालतो. मालकाने स्वतः नको म्हटलं तर कळवायचं थांबवायचं, हाही नियम आहे. तो आजपर्यंत कोणी वापरला नव्हता. तुझ्यामुळे तोही तपासून झाला.

अजून वेळ आहे. कागद उलटायला असा कितीसा लागतो?


१८ मे

टाइपरायटर,

लॅबमध्ये जाऊन आलो, नुसतं बघायला. एका बाईंचं यंत्र तयार झालं होतं, शाळेत शिकवायच्या त्या. त्यांनी टाइप केलं आणि यंत्र त्यांच्या आवाजात कडाडलं, "मागच्या बाकावर काय चाललंय?" बाई रडल्या, नवरा रडला, लॅबवालासुद्धा नाक पुसायला लागला. मी नाही रडलो. रडलो की गळ्याच्या भोकातून जो आवाज येतो तो चारचौघांत नको.

लॅबवाल्याने विचारलं, तुमचं पहिलं वाक्य काय असणार? मी लिहिलं, अस्वल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी छोटीची गोष्ट अशी थांबली होती की अस्वल मधासाठी झाडावर चढलंय आणि खालची शिडी पडलीये. अजून ते वरच आहे. तिच्या आईने उतरवून बघितलं, मी लिहून दिलं तसंच. पोरगी ऐकत नाही. म्हणते, ते बाबाने बोलावलं की उतरतं.

गोष्ट झाली की एक शो करणार आहे घरी. सगळे येणार. फर्माईश आत्ताच आलीये, तुझा आयटम पहिला. तूही ये. समोरच बस, म्हणजे लोकांना अस्सल आणि नक्कल ताडून बघता येईल. नाही म्हणू नकोस, तेवढ्याला तुला पंधरा मिनिटं लागतील.

दादा


२६ मे

दादा,

अस्वलाचं वाचून वाईट वाटलं. शोला यायला जमेलसं वाटत नाही. मला सुट्ट्या कमी आहेत, आणि ट्रे धरायला आता तुझ्याकडे दुसरं कोणीतरी असेलच.

दुसऱ्या परिच्छेदात तू नसतोस, म्हणून इथे ठेवते. काल दुपारी तुझं नाव निघालं. मावशीने तुझे सगळे तुकडे बाजूला काढलेत. अजून पुसले नाहीत, ती थांबलीये, कोणी विचारायला येतंय का बघतेय. एका कागदावर फक्त लिंबू लिहून पाठवलंस तरी मी तुझं नाव परत लावीन. तेवढं मी ठरवलंय. त्याच्यापेक्षा जास्त ठरवायला गेले, पण मनाने पुढे जायला नकार दिला. 'पार्टी'तला तो फोन ठेवल्याचा आवाज मी रोज ऐकते ना, त्यामुळे असेल.

धाकटी


२९ जुलै

धाकटे,

लॅबचा नंबर लागला. खातं उघडायला गेलो तर 'असे खाते अस्तित्वात नाही.' वहिनीने पासवर्ड टाकून बघितला, मग शेजाऱ्याला बोलावलं. तेच. तुमच्या कंपनीला फोन लावला. लावला आणि मग लक्षात आलं. तिकडून बाई म्हणतेय, हॅलो, कोण बोलतंय, हॅलो. मी गळ्याच्या भोकातून फुसफुसतोय. ठेवून दिला तिने.

काहीतरी गडबड झाली असेल. तू शोध. प्रत्येक तुकड्याच्या तीन-तीन प्रती असतात, तूच लिहिलं होतंस, एवढं मी वाचलं होतं. एखादं मशीन बंद पडलं असेल, त्यात राहून गेलं असेल. सगळं नको मला. एक फाइल मिळाली तरी चालेल. अस्वलाची.

छोटी आता माझ्याशी बोलत नाही. येते, शेजारी बसते, आणि मान वळवून आईला विचारते, "याला काय हवंय?" 'बाबाला' सुद्धा म्हणत नाही.

आयुष्यात मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागितलं, जागा मागितली होती. हे शेवटचं. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी ऊठ आणि बघ. पाया पडतो तुझ्या.

दादा


६ ऑगस्ट

दादा,

तुझा अंदाज बरोबर होता. एक मशीन बंद होतं.

मीच ठेवलं होतं. शेवटची टेस्ट त्याच्यावरच होती. सगळीकडून सगळं पुसून झालं, आणि मग बरेच दिवस झोपलेलं एखादं मशीन जागं झालं, तर काय होतं? त्या बिचाऱ्याला मधलं काहीच माहीत नसतं. ते आपले जुने तुकडे घेऊन उठतं आणि सगळ्यांना दाखवत सुटतं, हे बघा, हे माझ्याकडे आहे, हे हरवलं होतं ना? मावशी कच्ची असेल तर ती त्याचं ऐकते, आणि पुसलेलं सगळं पुन्हा जिवंत होतं. आमच्याकडे त्याला भूत उठणं म्हणतात. भूत उठलं की टेस्ट नापास.

तुझं पत्र हातात पडलं त्या सकाळी ते मशीन बंदच होतं. माझ्या टेबलाला लागून. टेस्टला मशीनं तीनच, म्हणून तुझ्या सगळ्याची एकेक प्रत त्यात होती, अस्वलासकट. मागची नेटवर्कची वायर काढून चालू केलं असतं तर मावशीला पत्ता लागला नसता, आरामात उतरवून घेता आलं असतं. पत्र मी दोनदा वाचलं. शेवटपर्यंत. मला ती सवय आहे.

वायरला हात लावला होता. मग काढला. बटण दाबलं.

ते उठलं. जे जे होतं ते दाखवायला लागलं. मावशीने एकेक तुकडा हातात घेतला, नाव शोधलं, नव्हतं. जेवणाच्या सुट्टीच्या आत आटोपलं. पास.

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर निकाल सांगायला उभी राहिले. "प-प-" एवढंच झालं, तोवर साहेब "पास!" म्हणाले आणि टाळ्या वाजल्या. मला अजून एक वाक्य बोलायचं होतं. राहिलं.

एक फाइल मिळाली तरी चालेल म्हणालास. एक आहे. जिच्यावर दुसरं नाव होतं तिला मावशीने बोटही लावलं नाही. मी तपासून बघितलं, एकही तुकडा हललेला नाही. 'पार्टी'. लॅबला तासभराचा आवाज पुरत असेल असं मला वाटतं.

पाठवू?

धाकटी


१० ऑगस्ट

पाठव.

आणि तू मला मेलीस.


१७ नोव्हेंबर

धाकटे,

यंत्र मिळून महिना होऊन गेला.

लॅबवाल्याने फाइल ऐकली आणि म्हणाला, याच्यापेक्षा आमच्याकडचा तयार आवाज घ्या, स्वच्छ आहे. घरी आणून बघितला. स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतो तसला माणूस. छोटी टेबलाखाली जाऊन बसली. "त्या काकांना जायला सांगा." मग तुझ्या फाइलीवरूनच बनवायला सांगितलं. तिच्यात मी सरळ बोललोय ते एकच वाक्य, बाबांना सांग संध्याकाळी बोलतो. बाकी तासभर मी तू होतो. यंत्राला काय कळतंय, त्याला वाटलं हा माणूस असाच बोलतो.

आवाज मात्र माझाच आहे. छोटी टेबलाखालून बाहेर आली.

पहिल्या संध्याकाळी गोष्ट सांगायला बसलो. सगळी आधीच टाइप करून ठेवली होती, शिडी कोण आणतं वगैरे. बटण दाबलं. "अ-अ-अ-अस्-" छोटी म्हणाली, "उतरलं ना?" आणि कूस बदलून झोपली. यंत्र पुढे बोलत राहिलं. मी बंद नाही केलं.

आता मी घरात बोलतो. "म-म-मला" होईपर्यंत तुझी वहिनी पाणी आणून ठेवते. मला खिडकी उघडून हवी असते. परवा जेवताना लागोपाठ तीन ग्लास प्यायलो. मित्र आले होते, तेच, फाइलीतले. मी बोलायला लागलो तसे पोट धरून हसले, त्यांना वाटलं आयटम करतोय. मग एकेक गप्प झाला. हसत होते तोवर बरं होतं.

छोटीने माझी नक्कल सुरू केली. हुबेहूब करायची. पाहुण्यांपुढे करून टाळ्या घ्यायची. मी तिच्यावर ओरडायला गेलो की यंत्र "ब-ब-ब" करायचं आणि तिला अजून चेव यायचा. मग एक दिवस ती शाळेतून धावत आली, आईला काहीतरी सांगायला लागली, आणि नक्कल थांबेना. थांबवायला बघत होती. पाय आपटत होती. मान खाली घालून जोर लावत होती, तू लावायचीस तशी. तुझी वहिनी म्हणाली, "पुरे आता, किती करशील?" पोरगी रडायला लागली तेव्हा आम्हाला कळलं.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, नकलेने हे येत नाही, घराण्यात असलं की या वयात वर येतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घराण्यात कोणाला आहे का? मी यंत्राला हात लावला नाही. पाटीवर लिहिलं, धाकट्या बहिणीला. त्यांनी विचारलं, मग त्यांना बोलताना घरच्यांनी कसं सांभाळून घेतलं? पाटी पुसली आणि तशीच मांडीवर ठेवली.

तुझी पत्रं काढून वाचली. सगळी, मागच्या बाजूंसकट. त्याबद्दल काही लिहीत नाही. तू केलंस ते केलंस, ते मी विसरणार नाही आणि तूही माझं विसरू नकोस.

रविवारी सकाळी छोटी तुला फोन करणार आहे. तिला कोणीतरी सांगितलं, आत्या पण अशीच बोलते, तेव्हापासून हट्ट धरलाय. उचल. अस्वल खाली कसं आलं ते तिला तुला सांगायचंय. स्वतः रचलंय तिने, मोठं आहे, वेळ लागेल. मध्येच ओळखू नकोस. पूर्ण करू दे.

दादा

लिंबू.